साहेबांच्या खिडकीतला कंगवा

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते व्हरांड्यात मटार सोलत बसले होते. निम्मे टोपलीत, निम्मे तोंडात. मी समोर चहा ठेवला.

"मी गेलो की पेपरवाले माझ्या फोटोशेजारी कंगवा छापतील, बघ."

"छापू देत. रंगीत छापा म्हणावं."

ते हसले. मग शेंग तशीच हातात धरून म्हणाले, "खरं सांग गं. तुला लाज वाटली होती ना तेव्हा?"

एवढ्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. उत्तर माझ्याकडे तयार होतं, पण आमच्या घरात तसली वाक्यं बोलायची पद्धत नाही. "चहा गार होतोय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

बाबा या देशाचे पंतप्रधान होते आणि त्यांचं सरकार एका कंगव्याने पाडलं. आमच्या वयाच्या लोकांना हे ठाऊक आहे. तरुणांना थाप वाटते, म्हणून सांगते.

सुरुवात विसराळूपणातून झाली. पंतप्रधान होऊन आठवडाही झाला नसेल, बाबा एका संध्याकाळी कार्यालयातला दिवा न मालवताच घरी आले. सकाळी पेपरात त्या उजळलेल्या खिडकीचा फोटो: देश झोपला, पंतप्रधान जागे. पंतप्रधान नऊ वाजताच घोरायला लागले होते, पण ते सांगणार कोण? पक्षाचे चिटणीसकाका नाचायचेच बाकी राहिले होते. "साहेब, आता हा दिवा मालवायचा नाही!"

लोक मुद्दाम खिडकी बघायला रस्त्यात थांबू लागले. रिकामी खुर्ची कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चिटणीसकाकांनी माझ्या मामाला बाबांचा कोट चढवून, नुसती सावली दिसेल असं पडद्यामागे बसवलं. मामाची अंगकाठी बाबांसारखी होती आणि त्याला दुसरा उद्योगही नव्हता. अडचण एकच. बाबांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता आणि मामाचं जंगल होतं. म्हणून त्याला घट्ट टोपी घालून बसायची ताकीद होती. एका उकाड्याच्या संध्याकाळी त्याने टोपी काढली, सवयीने खिशातून कंगवा काढला आणि पडद्याला लागून उभं राहून झकासपैकी केस विंचरले. समोरच्या गच्चीवर एक छायाचित्रकार होता.

फोटो छापून आला त्या दिवशी सभागृहात विरोधी पक्षनेत्यांनी अवाक्षर न काढता एक कंगवा बाबांच्या पुढ्यात ठेवला. सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले असते तर निभावलं असतं. पण चिटणीसकाकांनी मागून चिठ्ठी सरकवली आणि बाबांनी उभं राहून ती वाचून दाखवली.

"खिडकीत मीच होतो. मी डोकं खाजवत होतो."

"कंगव्याने?" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

दिव्याची गंमत लोकांना चालली होती, सभागृहात उभं राहून केलेली थापेबाजी चालली नाही. दिवा खोटा, तर त्याच्या उजेडात सह्या झालेल्या कागदांचं काय? चौकशी लागली. सह्या सगळ्या बाबांच्याच निघाल्या, पण तोवर ऐकायला कुणी उरलं नव्हतं. एकेक मंत्री आजारी पडत होता आणि बरा होऊन विरोधकांच्या शेजारी जाऊन बसत होता. चिटणीसकाका सगळ्यांच्या आधी बरे झाले. शेवटी बाबांनी राजीनामा दिला.

ते कार्यालयातलं सामान घेऊन घरी आले आणि त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "काय, शाळा काय म्हणते?"

"बाबा, मी कॉलेजात आहे."

"अरे वा! कधीपासून?"

दुसऱ्या दिवसापासून ते मला बसथांब्यापर्यंत सोडायला येऊ लागले. रस्त्यातली पोरं त्यांना बघून केसांतून हात फिरवायची. बाबा टोपी काढून, लवून त्यांना नमस्कार करायचे.

काल शोकसभा झाली. कंगव्याचं नावही कुणी काढलं नाही. चिटणीसकाकांनी रुमाल डोळ्यांना लावला. "तो दिवा कधी विझला नाही! साहेब या देशासाठी रात्र रात्र जागले!" माझ्या शेजारी मामा धुसफुसत होता. आता त्याच्याही डोक्यावर काही उरलेलं नाही. "माझं साधं नाव नाही घेतलं लेकाच्याने. घाम मी गाळला त्या खिडकीत."

मग घरच्यांतर्फे मला बोलावलं. आभाराची चार वाक्यं मी पाठ करून आले होते. माईकसमोर उभी राहिले तेव्हा बाजूला बाबांचा फोटो होता, गंभीर, मुळीच त्यांच्यासारखा न दिसणारा. मी लोकांकडे पाठ केली.

"बाबा, हे खोटं बोलतायत. तुम्ही नऊ वाजता घोरायला लागायचात. घरी यायचात ते फक्त झोपायला." मागे लोकांत कुणीतरी खोकलं. "तुम्ही विचारलंत ना? नाही वाटली लाज. राजीनाम्याची बातमी आली तेव्हा मी खोलीचं दार लावून नाचले होते. तुमचं सरकार पडलं आणि मला जागे असलेले बाबा मिळाले. मला फार आनंद झाला होता, बाबा. फार."