पऱ्हे काढणारा प्रोसेसर

सिहोऱ्यात अंकुशचा लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा होता. त्यातलं वजनदार काम तो स्वतः करायचा, म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून नवरदेवाच्या मित्रांना बाजूला सारायचं. आणलेलं चित्रण कापून, जोडून, गाणी लावून त्याची फिल्म करायची त्याची बायको, प्रतिक्षा. पण त्याला घरात कुणी काम म्हणत नसे. सासू पंचफुलाबाई जन्मभर धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, वाकून पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, रोवणी करत आलेली. वाकल्याशिवाय जे होतं ते तिच्या लेखी काम नव्हे. सून कुठे म्हणून कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं, “बसली हाय.” अंकुशही तेच म्हणायचा. दिवसाचे आठ तास प्रतिक्षा अशी ‘बसलेली’ असायची आणि संध्याकाळी कंबर धरून उठायची.

तुमसरच्या कॉम्प्युटरवाल्या टेकचंदनं एक नवा प्रोसेसर दिवसभर वापरून पाहायला दिला होता. पटला तर ठेवा, नाहीतर संध्याकाळी येऊन घेऊन जातो, असा बोलीचा व्यवहार. प्रतिक्षाचा सगळा जीव त्या चिपमध्ये अडकला होता. जुन्या प्रोसेसरवर एका लग्नाची फिल्म तयार होऊन बाहेर यायला पाच तास लागत, आणि उन्हाळ्यातली सात लग्नं आषाढ आला तरी तुंबलेली होती.

पण निकाल देणार होता अंकुश, आणि त्याची कसोटी एकच. मोठ्या फोर-के टीव्हीवर गाड्या पळवायचा गेम. सकाळीच प्रोसेसर बसवून तो गाडी हाकायला लागला. जुन्यावर सेकंदाला बासष्ट चित्रं यायची, नव्यावर त्रेसष्ट आली.

“एकानं काय होते? वापस देतो,” तो म्हणाला.

प्रतिक्षानं त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं. “ऐका जी. प्रोसेसर म्हणजे पऱ्हे काढणारा गडी, अन् ग्राफिक्स कार्ड म्हणजे रोवणाऱ्या बाया. तुमचा टीव्ही एवढा मोठा, का बांधीच दोन एकराची. बाया त्याच चार. पऱ्हे काढणारे दुप्पट लावले तं पेंड्या बांधावर सुकत पडतीन. माह्या एडिटिंगमध्ये उलटं हाय. तिथं बाया रिकाम्या उभ्या, पऱ्हेच पुरत नाहीत.”

“बराबर बोलली,” दारातून पंचफुलाबाई म्हणाली. सुनेचं तिला पटल्याची ही पहिलीच वेळ.

अंकुशला त्यातलं अर्धंच ऐकू आलं, त्याच्या सोयीचं. “मंग बाया वाढवा लागते,” असं म्हणून त्यानं टेकचंदला फोन लावला. प्रोसेसर वापस, मोठं ग्राफिक्स कार्ड पाठव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“अन् माह्यं?” प्रतिक्षानं विचारलं.

“तुले तं बसाचंच हाय. थोडं जास्त बस.”

हे मात्र तिला लागलं. भांडायचं तिनं टाळलं. “वापसच कराचा हाय तं आत्ताच काढून ठेवा,” एवढंच म्हणाली. त्यानं जुना प्रोसेसर परत बसवला. मग तिनं उषाबाईंना फोन केला. त्यांच्या मुलीच्या लग्नाची फिल्म महिनाभर रखडली होती. “काकू, आज या अन् समोर बसून घेऊन जा.” फिल्म बाहेर काढायला लावली, गेम उघडला तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल असं अंकुशला बजावलं, आणि पदर खोचला.

“मी चालली रोवणीले. कोणी विचारलं तं सांगा, बसलो हाय.”

उषाबाई अकराला आल्या, जयभीम केला आणि अंकुशच्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या. पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. उषाबाईंनी दोनदा चहा घेतला आणि तीन सोयरिकींचा इतिहास सांगितला. दीड वाजता त्यांच्या लक्षात आलं, की फिल्ममध्ये व्याह्याच्या बहिणीचं नावच चुकलं आहे. अंकुशनं नाव सुधारलं. पट्टी पुन्हा शून्यावर आली.

संध्याकाळी साडेसहाला प्रतिक्षा सासूबरोबर परतली. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. उषाबाई पेनड्राइव्ह घेऊन बाहेर पडत होत्या, आणि ओट्यावर टेकचंद नवं कार्ड घेऊन उभा होता. आतून अंकुश आला, कंबर धरून.

“काहून गा?” पंचफुलाबाईनं विचारलं. “दिवसभर तं बसला होतास.”

अंकुश टेकचंदला म्हणाला, “कार्ड ने वापस. प्रोसेसर राहू दे.”

“त्याच्यानं गेममध्ये फरक नाही पडत म्हणे ना?”

“नाही पडत.”

“मंग कायले ठेवता?”

अंकुशनं एकदा बायकोच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. “तिच्या कामाले लागते,” तो म्हणाला.

लग्नाला चार वर्षं झाली होती. त्याच्या तोंडून आपल्या बसण्यासाठी ‘काम’ हा शब्द प्रतिक्षा पहिल्यांदा ऐकत होती. तिला बरं वाटलं, रागही आला, आणि पाय न धुताच ती ओट्यावर मटकन बसली.