साहेबापुढं काठी नेली नाई

आमचे हे कधी खोटं बोलत नाई, असं अख्खं गाव सांगते. मले विचारा! एकच खोटं हा मानूस तीस वर्सं बोलून राह्यला, का मी ठीक आहे.

एकाहत्तरच्या लढाईत यायच्या गुडघ्यात तोफगोळ्याचे तुकडे घुसले. दवाखान्यातून निंघायच्या आधी फौजेच्या डॉक्टरांचा बोर्ड बसला, पाय किती टक्के गेला ते ठरवाले. मोठ्या साहेबानं विचारलं, "कैसे हो जवान?" यायनं छाती काढून सांगितलं, "ठीक हूँ साहब!" झालं. पंधरा टक्के लिहून मोकळे. अन् विसाच्या खाली असलं का अपंगाची पेन्शन नाई.

आता तो पाय काडीसारखा वाळला. गुडघा एकदा वाकला का सरळ होत नाई. सकाळी परसाकडे मीच नेते, मीच बसवते, अन् बगलेत हात घालून मीच उठवते. पोरी लगन होऊन आपापल्या घरी गेल्या. मागच्या साली माह्यं पिशवीचं ऑपरेशन झालं. सेवाग्रामच्या डॉक्टरीनबाईनं बजावलं, "आजी, वजन उचलायचं नाही." आता साठ किलोचा नवरा वजनात धरायचा का नाई, सांगा! त्यायले उचलता उचलता मी आडवी झाली तर दोघंबी तिथंच पडून राहू. पेन्शन भेटली तर खुर्चीचा संडास बांधता आला असता, एखादा गडी ठेवता आला असता. दुसरं मले काई नोको होतं.

पिपरी मेघेचे भैय्याजी फौजेतलेच, रिटायर सुभेदार. दोन वर्सं त्यायनं आमच्यासाठी अर्जावर अर्ज केले, कुठून कुठून जुने कागद मागवले. शेवटी नागपूरहून चिठ्ठी आली, का बोर्ड पुन्हा पाय तपासनार. भैय्याजींनी यायले समोर बसवलं. "गुलाब, दुखते तर दुखते म्हनजो. ही परेड नोहे." "हाव," म्हने. मग आठ दिवस मी रोज चुलीपाशी पाठ करून घेतलं. पोट्ट्याकडून पाढे घोकून घ्यावे तसं.

जामच्या फाट्यावरून गाडी पकडून नागपूरले पोचलो. फौजेच्या दवाखान्यात दुपारी नंबर आला. दाराशी यायनं काठी भिंतीले टेकवून ठेवली.

"अवो, काठी!"

"साहेबापुढं काठी घेऊन जाते का कोनी?"

अन् निंघाले की ताठ! मी दारातच उभी. आतमंदी टेबलापाशी बोर्डाचे डॉक्टर मेजरसाहेब, आमच्या लहान्या पोरीच्या वयाचा. बाजूले एक कारकून अन् एक कंपाउंडर.

"कैसे हो चाचा?"

टाच वाजली. "ठीक हूँ साहब!"

माह्यं डोस्कंच फिरलं. दोन वर्सं भैय्याजींनी चपला झिजवल्या त्या कायले? मी सरळ आत घुसली. "साहेब, हा मानूस संडासवरून एकटा उठू शकत नाई. मी उठवते. रात्री हा पाय धरून कन्हते, अन् मी जागी झाली का हा झोपल्याचं सोंग करते." होतं नोहतं सारं सांगितलं. कारकुनानं मान खाली घातली. यायचे कान लाल झाले.

"ये सच है, चाचा?" मेजरसाहेबानं विचारलं.

यायनं माह्याकडं पाह्यलंबी नाई. "झूठ बोलती है साहब. औरत है, घबरा जाती है."

बाप्पा रे बाप्पा! ज्याच्यासाठी मी माह्यं पोट फाडून घ्याले तयार, त्यानंच मले चारचौघात खोटी पाडली. रडू नाई आलं. असा संताप आला, का वाटलं याले इथंच सोडून एकटीनं गाडीत बसावं.

मेजरसाहेबानं वाद घातला नाई. बारीक आवाजात म्हनला, "तो ज़मीन पर बैठ के दिखाइए."

साहेबाचा हुकूम. हे बसले. दात चावून, धपकन.

"अब उठिए."

यायनं फरशीवर हात टेकला. उठनं झालं नाई. पुन्हा जोर लावला, कपाळावर घाम आला, मान थरथराले लागली. कंपाउंडर पुढं झाला, तर त्याले हातानंच थांबवलं. मग माह्याकडं पाह्यलं अन् हात लांबवला.

"ताना, हात दे वं."

लगनापासून चारचौघात त्यायनं माह्यं नाव घेतलं नोहतं.

माह्ये हात तर आपोआप निंघाले होते, रोजची सवय. मी ते पदरात घट्ट धरून ठेवले. साहेबानं नुकतीच पेनाची टोपी काढली होती. मले ठाऊक होतं, मी आता उठवलं का हे पुन्हा ताठ होतीन, अन् पुन्हा ठीक होतीन.

"ताना," हे पुन्हा म्हनले.

यायचा हात तसाच लांबलेला होता. साहेब लिहून राह्यले होते. त्यायचं लिहून होईपर्यंत मी जागची हलली नाई.