मागच्या कप्प्यातली कस्तुरी

हो, बोलतोय तो मीच. पर्सच्या मागच्या कप्प्यात, औषधांच्या चिठ्ठ्यांखाली दबलेलं जुनं मतदार ओळखपत्र. आधीच कबूल करतो, पुढच्या पारदर्शक कप्प्यात मिरवणाऱ्या त्या आधार कार्डावर मी मनापासून जळतो.

माझा जन्म नागपूरचा. शाळेच्या एका वर्गात रांग लागली होती आणि कस्तुरीचे बाबा तिच्यासोबत उभे होते. फोटो काळपट आला, पण झोपाळ्यावरून पडून भुवईवर झालेला व्रण स्पष्ट उमटला. वर तिचं नाव, खाली बाबांचं. दोन वर्षं माझा काय थाट होता!

मग तिचं लग्न झालं. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, संध्या. ती बेंगळुरूला राजाजीनगरात आली आणि काही वर्षांनी आधारराव अवतरले. बँकेत तेच, गॅसला तेच, सिमकार्डाला तेच. मला कुणी विचारेना. आता तर विमानतळावर काही जण कॅमेऱ्याला नुसता चेहरा दाखवून आत जातात. त्या कॅमेऱ्याचाही मला हेवा वाटतो. त्याच्यासमोर लोक केस सारखे करतात.

गेल्या महिन्यात नागपूरहून तिच्या भावाचा, हरीचा फोन आला. आईचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि लेकीला पाहिल्याशिवाय आई तयार होईना. घाईत तिकीट हरीनंच काढलं, तोंडात बसलेल्या नावानं. माहेरी तिला संध्या म्हणतं कोण? तिनंही तिकीट पाहिलं, पण स्वतःचंच नाव खटकणार कसं?

देवनहळ्ळीला, विमानतळाच्या दारात आधारराव ऐटीत पुढे झाले. तिथला जवान मल्लाप्पा बेळगावकडचा. त्यानं तिकीट पाहिलं, मग कार्ड.

"अक्का, तिकिटावर कस्तुरी, ह्याच्यावर संध्या. नक्की कोण तुम्ही?"

"अहो, दोन्ही मीच! आई वाट बघतेय माझी."

"खरं असंल. पण एकाच्या तिकिटावर दुसरं कोण विमानात बसू नये, म्हणून तर आम्ही हितं उभं. स्वल्प बाजूला व्हा."

आधाररावांची फजिती पाहून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग वाट बघणारी आई आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. तिनं सगळी पर्स उपडी केली. चिठ्ठ्यांसोबत मी बाहेर पडलो.

मल्लाप्पानं माझ्यावरचं नाव तिकिटाशी ताडून पाहिलं. फोटो पाहिला, तिच्या भुवईकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "सरी अक्का, जावा."

वाटलं, आता पुढचा कप्पा माझा! कसलं काय. आधारराव परत पुढे, मी परत चिठ्ठ्यांखाली. सबंध प्रवासात माझा जळफळाट चालू होता.

दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा पलंगावरून आईचा बारीक आवाज आला, "कस्तुरी, आलीस?"

"आले गं."

हे नाव आधाररावांवर नव्हतं, माझ्यावर होतं.

आई आता बरी आहे. परतीचं तिकीट कस्तुरीनं स्वतः काढलं, संध्या नावानं. माझा एक कोपरा सुटलाय, फोटो अजून पुसट झालाय. पुढचा कप्पा नको मला. कस्तुरी, तुला या नावानं हाक मारणारं कुणी आहे, तोवर मला पर्सबाहेर काढू नकोस.