बटरच्या डब्यातला चोर

गव्हाचा कणही पोटाला चालणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. सगळी पथ्यं पाळूनही तिचं पोट दुखायचं थांबेना, आणि प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या रजा संपत आल्या होत्या.

"वेगळी भांडी केली, वेगळा टोस्टर आणला. आता माझ्या हातालाच दोष दे!" सासूबाई हिरमुसून म्हणाल्या.

रविवारी नाश्त्याला नवऱ्याने स्वतःच्या गव्हाच्या पावाला बटर लावलं आणि तीच सुरी पुन्हा डब्यात घातली.

"थांब!" ती ओरडली. प्रयोगशाळेत वापरलेला चमचा पुन्हा बाटलीत घालणाऱ्याला ती फैलावर घ्यायची. डब्यात डोकावली, तर बटरमध्ये पावाचा चुरा!

"आई, आजपासून माझं बटर वेगळं."

"बटर कशाला, नवराच वेगळा ठेव!" लेकाचा कान धरत सासूबाई खुदकन हसल्या.