रंगवाल्याचा शेजारी

मित्रांनो, मी एक जुना भूमिती-बोर्ड आहे. चित्रे रचणाऱ्या एका मोठ्या संगणकाच्या पोटात, दुसऱ्या खाचेत, मी नऊ वर्षे उभा आहे. कारखान्यात माझ्या हिरव्या अंगावर तांब्याच्या रेघा उमटल्या, पायांना सोन्याचा मुलामा मिळाला, आणि मी कृत्रिम पाय बनवणाऱ्या या कार्यशाळेत आलो.

येथील ताई पडद्यावर पायाचा आकार रचतात. त्या आकाराचे हजारो बिंदू कोठे बसवायचे, ते मी ठरवतो. पूर्वी पडद्यावर नुसत्या रेघा दिसत. "आपला जुना कधी चुकत नाही हं," असे ताई म्हणाल्या की मी धन्य होत असे.

मग शेजारच्या खाचेत रंगाचा बोर्ड आला. अंगावर स्वतःचा पंखा, काय तो तोरा! रेघा माझ्या, रंग भरणार तो, आणि लोक म्हणणार, "अगदी खरा पाय दिसतोय." देवाशपथ सांगतो, माझा नुसता जळफळाट झाला. गाणाऱ्याला वाहवा मिळते, मागे सूर धरणाऱ्याचे नावही कोणी विचारत नाही, तशी माझी गत झाली.

काम करताना आम्ही तापतो, बंद झालो की निवतो. अशाने बोर्ड खाचेतून केसाकेसाने वर सरकतो. माझेही पाय सुटू लागले. असे झाले की डोक्यावरचा लाल दिवा लावायचा, ही माझी शिस्त. पण मी मुद्दाम गप्प राहिलो. म्हटले, बिघडू दे याचे चित्र.

तेव्हा एका पोस्टमनकाकांच्या पायाचे काम चालू होते. जुना कृत्रिम पाय त्यांना गुडघ्याखाली रुतत होता. सोमवारी फेरीवर गेले नाहीत, तर त्यांना कायमचे टेबलावर बसवणार होते.

"टेबलावर बसवलं ना ताई, तर मी पत्ता नसलेलं पत्रच होऊन पडेन," ते हसत म्हणाले. हसणे ओठांपुरतेच होते.

नवा पाय जेथे दाबेल, तेथे रंगवाला लाल छटा दाखवी. पण त्या दिवशी पडद्यावर पाय आला तो साळिंदरासारखा, काटे फुटलेला. माझे बिंदू भलतीकडे उडाले होते.

दुरुस्तीवाले आजोबा आले. त्यांनी रंगवाल्याला उपटून त्याचे सोनेरी पाय पेन्सिलीच्या खोडरबराने घासले. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. त्याला परत बसवले, यंत्र चालू केले, तरी काटे तसेच.

"जुना बघता का एकदा?" ताईंनी विचारले.

"त्याला कशाला छळायचं? नऊ वर्षांत कधी खोटं बोललाय का तो? नव्यालाच परत पाठवू."

"त्यात महिना जाईल, आजोबा. काकांचा सोमवार कसा निभायचा?"

बाकावर पोस्टमनकाका विजारीच्या रिकाम्या पायाची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होते.

आजोबांचा तो विश्वास मला खोडरबरापेक्षा जोरात घासून गेला. मी लाल दिवा लावला.

"अरेच्चा, चोर घरातलाच निघाला की," आजोबा म्हणाले. त्यांनी मलाही घासले, पुसले आणि दोन्ही अंगठ्यांनी खाचेत दाबले. टक्.

चित्र स्वच्छ उमटले. गुडघ्याखाली आतल्या बाजूला नखाएवढा लाल डाग दिसला. ताईंनी तेवढीच कड खाली घेतली.

सोमवारी काका खांद्याला पिशवी लावून चालत आले आणि पडद्याची काच थोपटून म्हणाले, "हिनं वाचवलं बघा मला."

त्या काचेने! आत रंगवाल्याचा पंखा क्षणभर अडखळला. तो हसला असावा. मीही त्याच्याबरोबर पहिल्यांदाच हसलो.

माझा मत्सर अगदी गेला, असे म्हणणार नाही. तो पंखा अजून डोळ्यांत खुपतो. पण मित्रांनो, "हे कशाला बिघडतंय" म्हणून जुन्या यंत्राकडे पाठ फिरवू नका. अधूनमधून उघडा, धूळ पुसा, जागेवर घट्ट आहे ना ते बघा. रोज दारात काकांची पावले वाजतात, तेव्हा मी ती ऐकत असतो. दोन्ही सारखी पडतात.