गुरुवारपर्यंत

फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबून धरत तिनं झोपलेल्या मुलीचा सदरा हळूच वर केला. श्वास आत जाताना बरगड्यांमधली कातडी ओढली जाते की नाही, हे दुपारच्या उजेडातच नीट दिसायचं. आज ओढली जात नव्हती. निदान तसं वाटत होतं.

पलीकडून नणंद बोलत होती.

“आईकडे जरा लक्ष ठेव हं. ती कुरकुरत असली ना, तर काही काळजी नाही. पण एकदम शांत, समाधानी दिसायला लागली, की समजायचं, हिनं देवासाठी काहीतरी सोडलंय.”

“साखर सोडली असेल तर देवाचे आभारच मानते मी.”

“हसू नकोस गं. माझ्या दहावीला तिनं चपला सोडल्या होत्या. ऐन उन्हाळ्यात. तळपाय सोलवटले तरी बोलली नाही.”

“ताई, एका हृदयावर पहारा देता देता माझा जीव मेटाकुटीला आलाय. दुसरं माणूस कुठं सांभाळू?” ती म्हणाली आणि सदरा खाली ओढला. मग विषय नणंदेच्या नव्या घरमालकिणीकडे वळला.

मुलीला सगळे खारू म्हणत, कारण घास गिळायच्या ऐवजी ती तो खारीसारखा गालात साठवून ठेवायची. जन्मली तेव्हापासून तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला छिद्र होतं. अशी छिद्रं बहुतेक वेळा आपोआप बुजतात, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही बुजलं तर छाती उघडावी लागेल. खारू होईपर्यंत तिची आई कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती. ‘बहुतेक वेळा’ या शब्दांत किती दिलासा असतो हे तिला ठाऊक होतं, आणि त्यातून जे बाहेर राहतं ते कुणाच्या तरी घरी राहायला येतंच, हेही. पुढची तपासणी गुरुवारी होती.

सासूबाईंनी सगळी नोकरी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात घालवली होती. छिद्राचं निदान झालं त्या संध्याकाळी त्यांनी किराण्याचा कागद उलटा करून लाल-निळ्या पेन्सिलीनं हृदय काढलं आणि रक्त कुठून कुठं जातंय, कुठं चुकतंय, ते मुलाला आणि सुनेला समजावून सांगितलं. मग हात धुतले आणि देवापुढे डोळे मिटून बसल्या.

“आई, आकृतीत देव कुठं दाखवायचा राहिला का?” तिनं तेव्हा विचारलं होतं.

“आकृतीत कशाला? तो कागद धरून बसलाय,” डोळे न उघडता सासूबाई म्हणाल्या होत्या. तिघंही हसले होते. त्या दिवसांत हसायला तेवढंच मिळालं होतं.

सोमवारी खारूच्या झबल्याला पिन हवी म्हणून तिनं सासूबाईंचं कपाट उघडलं. घडी घातलेल्या कपड्यांच्या तळाशी हाताला काहीतरी टोचलं. गोळ्यांची पाकिटं होती ती, रबर लावून नीट रचलेली. गेल्या वर्षी सासूबाईंचे ठोके अनियमित झाल्यापासून रक्त पातळ ठेवायला रोज घ्यायची गोळी. तिचा नवरा आईला न चुकता आणून द्यायचा. एकाही पाकिटाची चांदी फाटलेली नव्हती.

स्वयंपाकघरात सासूबाई मटार सोलत होत्या. तिनं पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी एकदा पाहिलं, हातातली शेंग दाबली, दाणे वाटीत पाडले.

“सापडलं होय.”

“कधीपासून?”

“खारूच्या मागच्या तपासणीपासून.”

“आई, ही नाही घेतली तर काय होतं, माहितीय ना तुम्हाला?”

“मला विचारतेस? हृदयात गुठळी होते, सुटते, डोक्यात जाऊन बसते. मग हात जातो, नाहीतर वाचा जाते. नाहीतर सगळंच. काढून दाखवू?”

“मग असं का?”

“गोड सोडलं असतं तर देवाला फसवल्यासारखं झालं असतं. मला गोड आवडतच नाही.” त्यांनी साली एका बाजूला केल्या. “जिच्यावर मी जगतेय हे मला पक्कं ठाऊक आहे, तीच द्यायला नको का?”

“म्हणजे तुमचा विश्वास गोळीवर आहे.”

“आहेच की. म्हणून तर ती दिली. आणि देवावर आहे, म्हणून त्याला दिली. दोन्हींतला एक जरी नसता ना गं, तर मला सोपं गेलं असतं.”

तिनं फोन उचलला. नवरा कामासाठी परगावी होता, शुक्रवारी यायचा होता.

“मी यांना सांगते.”

“सांग. तो फोनवर ओरडेल, मी तुझ्यासमोर गोळी गिळेन. पोराचं ऐकलंच पाहिजे.” सासूबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. “आणि मग गुरुवारी भलतंच काही निघालं, तर तोंडानं कुणी काही बोलणार नाही मला. पण मनात?”

“त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

“नसेल.”

“नसेल नाही, आई. नाहीच.”

“बरं. मग लाव ना फोन.”

पडद्यावर नवऱ्याचं नाव उजळलेलं होतं. ती त्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं पडदा आपसूक काळा झाला. तिनं फोन पालथा ठेवला आणि समोर बसून मटार सोलायला घेतले. छिद्राच्या कडेनं पेशी वाढतात, पडदा जाड होतो, छिद्र बुजतं. पेशींना काय कळणार, कोण काय गिळतं ते. हे ती मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, पाढे म्हणावेत तसं.

मंगळवारी सकाळी तिनं एक गोळी सोडवून सासूबाईंच्या बशीत ठेवली. “आई, माझ्यासाठी,” म्हणाली. सासूबाईंनी कप उचलला, चहा संपवला, गोळीसकट बशी तिच्याकडे सरकवली.

बुधवारी तिनं पुन्हा गोळी काढली. तेवढ्यात आतून खारू खोकली. ती धावली. पाठीवरून हात फिरवून, तिला पुन्हा झोपवून बाहेर आली, तेव्हा गोळी मुठीतच होती, घामानं विरघळायला लागलेली. तिनं नळ सोडला आणि हात धुवून टाकला.

त्याच दुपारी न्हाणीघरात तांब्या पडल्याचा आवाज झाला.

“ओला होता, निसटला,” सासूबाई आतून म्हणाल्या. बाहेर आल्या तेव्हा डाव्या हाताची मूठ उघडत-मिटत होत्या. सुनेनं बघितलं म्हटल्यावर हात पदराखाली गेला.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. “आई गोळ्या घेते ना गं वेळेवर?”

“घेतात ना,” ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी घाई होती. डबा, कपडे, पाण्याची बाटली. घाईत गोळीचं राहून गेलं, असं तिनं रिक्षात बसल्यावर स्वतःला सांगितलं. खरं तर ती त्या कपाटाच्या वाटेलाही गेली नव्हती.

तपासणीच्या खोलीत मुलाबरोबर एकालाच सोडत. सासूबाई बाहेरच्या बाकावर टेकल्या. खारूच्या कपाळावर त्यांनी उजवा हात ठेवला.

“जा तू. मी आहे इथं,” त्या म्हणाल्या. शब्द जरा जाड, जिभेवर रेंगाळल्यासारखे आले. आजूबाजूला पोरं रडत होती, कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. तिनं ऐकलं, आणि दार लोटून घेतलं.

आत अंधार होता, गारवा होता. खारू पलंगावर आईचं बोट घट्ट धरून पडली होती. डॉक्टरांनी छातीवर चिकट मलम लावलं आणि हातातलं यंत्र हळूहळू फिरवायला सुरुवात केली. कोपऱ्यात एक परिचारिका हातमोजे घालत होती. पडद्यावर लाल आणि निळे ढग उमलत होते, मिटत होते. मागच्या वेळी या दोन रंगांच्या मधून पिवळी धार फुटताना दिसली होती. गेले कित्येक महिने ती याच घटकेसाठी एकेक दिवस ढकलत आली होती. मान वळवून पाहिलं असतं तर डॉक्टरांच्या आधी तिलाच कळलं असतं.

ती दाराकडे बघत होती.

“हं,” डॉक्टर म्हणाले. यंत्र जरा तिरकं करून त्यांनी एका जागी दाबून धरलं. “बघा इकडे, हा जो पडदा आहे ना...”

“थांबा.”

डॉक्टरांनी वर पाहिलं. “अहो, छान पडलीय ती. मिनिटभरच लागेल आता. ऐकून तर घ्या.”

“मला नंतर सांगा.” तिचं बोट खारूच्या मुठीत अडकलेलं होतं. ती परिचारिकेकडे वळली. “बाहेर बाकावर माझ्या सासूबाई बसल्यात, राखाडी शाल घेतलेल्या. आधी त्यांना बघून या. त्यांना हात वर करायला सांगा. दोन्ही.”