दरबार पुसलेला पडदा

मी तलवाड्याच्या जत्रेतल्या नाटकाचा पडदा बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, चिडून बोलतोय.

मूळचा मी साधा मांजरपाट. शिंप्यानं पट्ट्या जोडल्या, खाली वेळू घातला आणि मला त्रिंबक पेंटरच्या ताब्यात दिलं. तिथंच माझं नशीब फुटलं.

माणूस वाईट नाही हो. दुकानांच्या पाट्या कशा सरळ रेषेत लिहितो. पण काही बघून आला की त्याच्या हाताला चैन पडत नाही, आणि तावडीत सापडतो मी. गेवराईला पिक्चर बघून आला आणि माझ्या जंगलात बर्फाचा डोंगर उभा केला. तमाशा बघून आला, तर माझी सगळी झाडं कमरेत वाकली. कुठल्याशा नाटकात कंदिलाच्या उजेडात राजाची सावली मोठी दिसली म्हणे, तेव्हापासून माझ्या राजवाड्यात माणसांपेक्षा सावल्याच जास्त. दर वेळी सरसाचा नवा थर, वर नवा रंग. अंग ताठून गेलंय माझं. गुंडाळायला घेतलं की कडकड वाजतो.

"आता काय बगून आलाव?" त्याची बायको कडूबाई विचारते.

"काय न्हाई," म्हणत हा डबा उघडतो. ती कपाळावर हात मारून घेते. मला तर हातही नाहीत.

औंदा नाटक मंडळाचा अध्यक्ष शिवशंकर बजावून गेला, "त्रिंबक, दरबार काढ. खांब, सिंहासन, झुंबर, बास. न्हाईतर छापील फ्लेक्स आणतो, मग तुला पुन्यांदा बोलावनं न्हाई."

त्रिंबकनं काढला. असा ठसठशीत दरबार माझ्या अंगावर कधी आला नव्हता. म्हटलं, सुटलो एकदाचा.

आणि हा शहाणा तालीम बघायला गेला. नाटकात नाचायला ताराबाई आल्या होत्या. त्यांनी एक गिरकी घेतली, एवढंच. घरी येऊन यानं सिंहासन पुसलं, खांब पुसले, झुंबर पुसलं. सगळीकडे पिवळा रंग आणि मधून खालून वर वळत गेलेला एक तांबडा फराटा. मी मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

शिवशंकर आला. "कावून बे, दरबार कुटं गेला?"

"राजा कुटं बसतो ते लोकायला ठावं हाय. नाचनारीला जागा पायजे."

"येडा हायस का तू?"

फ्लेक्स आला. जत्रेत चकाचक दरबार टांगला गेला, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. मी त्रिंबकच्या अंगणात दोरीवर लटकून ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी गावाला निघताना ताराबाईंना वाटेवरून मी दिसलो आणि त्या अंगणात आल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी खाली ठेवून, ना ढोलकी ना पेटी, माझ्यापुढं एकदा गिरकी घेतली. त्यांचा पदर आणि माझा तांबडा फराटा एकाच अंगानं वळले. त्रिंबक दारात उभा होता, त्याचे डोळे भरून आले.

"काल त्या दरबारात माजे पाय जड झाले व्हते," ताराबाई म्हणाल्या आणि एस.टी.साठी निघून गेल्या.

आता हाच त्रिंबक पांढरा रंग कालवून माझ्यापुढं बसलाय. पुढच्या जत्रेला बोलावणं हवं, म्हणून मला पुसून पुन्हा दरबार काढणार आहे.

अरे बाबा, इतकी वर्षं मनात येईल तेव्हा पुसलंस, मी चकार शब्द काढला नाही. आता एकदा ऐक. दुसरा मांजरपाट आण आणि त्याच्यावर हवे तेवढे खांब उभे कर. हे एवढं तुझं स्वतःचं निघालंय. ते पुसू नकोस.